प्रवर्तकावर गैरव्यवहाराचा आरोप आणि कंपनी दिवाळखोरीत: घेणेकऱ्याने दावा आणि तक्रार कशी मांडावी

कंपनीच्या प्रवर्तकांना आर्थिक गुन्हे शाखेने अटक करावी, ईडीने मालमत्तांवर टाच आणावी आणि त्याच सुमारास राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने, म्हणजे एनसीएलटीने, कंपनीविरुद्धचा दिवाळखोरीचा अर्ज दाखल करून घ्यावा, असे घडले की तिच्याकडे पैसे अडकलेला ठेवीदार, सदनिका खरेदीदार किंवा पुरवठादार साहजिकच समजतो की आता एकच न्यायालय अफरातफर शोधून काढील, दोषींना शिक्षा करील आणि पैसेही परत मिळवून देईल. प्रत्यक्षात ही कामे वेगवेगळ्या ठिकाणी आणि वेगवेगळ्या गतीने चालतात. बँकेसारख्या धनकोचा अर्ज दाखल करून घेताना एनसीएलटी मुख्यतः दोन गोष्टी तपासते: कर्ज होते का आणि ते थकले का. प्रवर्तक प्रामाणिक होता की लबाड, हा प्रश्न त्या टप्प्यावर विचारलाच जात नाही. म्हणून घेणेकऱ्याने पहिल्या दिवसापासून दोन स्वतंत्र फायली ठेवाव्यात, एक दाव्याची आणि दुसरी तक्रारीची. पहिलीत रकमा आणि तारखा असाव्यात, दुसरीत गैरव्यवहाराचे पुरावे. बहुतेकांची दुसरी फाईल जाडजूड असते, पहिली अर्धवट राहते, आणि नुकसान होते ते पहिलीमुळे.

कोणता कायदा लागू होतो, हे आधी ठरवावे

पैसे कोणाकडे अडकले आहेत, यावरून कोणाचे दार ठोठवायचे ते ठरते. कंपन्या आणि मर्यादित दायित्वाच्या भागीदारी संस्था (एलएलपी) यांना नादारी व दिवाळखोरी संहिता, 2016 लागू होते आणि महाराष्ट्र व गोव्यातील कंपन्यांची प्रकरणे एनसीएलटीच्या मुंबईतील कफ परेड येथील खंडपीठांपुढे चालतात. 500 कोटी रुपये किंवा त्याहून अधिक मालमत्ता असलेल्या बिगर बँक वित्तीय कंपनीविरुद्ध मात्र असा अर्ज फक्त रिझर्व्ह बँक करू शकते. नोव्हेंबर 2019 मध्ये ही तरतूद अमलात आली आणि दिवाण हाउसिंग फायनान्स, म्हणजे डीएचएफएल, ही तिच्याखाली आलेली पहिली कंपनी ठरली. बँका या संहितेत येतच नाहीत. एचडीआयएल ही बांधकाम कंपनी ऑगस्ट 2019 मध्ये एनसीएलटीत गेली आणि तिला दिलेल्या कर्जांमुळे अडचणीत आलेल्या पीएमसी बँकेवर पुढच्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. ज्याची ठेव या बँकेत आणि सदनिका त्या कंपनीत होती, त्याला सदनिकेसाठी एनसीएलटीने नेमलेल्या व्यावसायिकाकडे दावा करावा लागला, तर ठेवीसाठी ठेव विमा आणि पुढे बँकेच्या विलीनीकरणाची योजना यांवर अवलंबून राहावे लागले. पतसंस्था बुडाली, तर तिचा अवसायक सहकार खाते नेमते.

व्यक्तीने किंवा एकल मालकीच्या पेढीने पैसे बुडवले असतील, तर परिस्थिती आणखी जुनाट आहे. संहितेचा व्यक्तींविषयीचा भाग 1 डिसेंबर 2019 पासून फक्त कंपनीच्या कर्जांना जामीन राहिलेल्या व्यक्तींपुरता लागू झाला आहे. इतर व्यक्तींसाठी मुंबई शहरात 1909 चा आणि उर्वरित महाराष्ट्रात 1920 चा, असे ब्रिटिशकालीन नादारी कायदेच चालतात. पुढचे विवेचन मुख्यतः कंपन्यांविषयी आहे, कारण मोठ्या गैरव्यवहारांत सामान्य माणसाचा संबंध बहुधा तिथेच येतो.

स्वतः अर्ज करावा की नाही

रागाच्या भरात स्वतःच एनसीएलटीत जाण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो. थकबाकी किमान 1 कोटी रुपयांची असावी लागते. ही मर्यादा 24 मार्च 2020 पासून लागू आहे आणि त्यापूर्वी ती 1 लाख होती. सदनिका खरेदीदारांना एकाच प्रकल्पातील किमान 100 जण किंवा एकूण खरेदीदारांच्या 10 टक्के, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके जण एकत्र आणावे लागतात. ठरावीक परताव्याच्या किंवा पुनर्खरेदीच्या हमीवर निव्वळ गुंतवणूक म्हणून सदनिका घेणाऱ्याला या मार्गाने अर्ज करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2025 मध्ये स्पष्ट केले. थकबाकी 3 वर्षांहून जुनी असेल, तर मुदतीचा प्रश्न उभा राहतो, आणि कंपनीने मधल्या काळात लेखी कबुली दिली असेल, उदाहरणार्थ ताळेबंदात देणे दाखवले असेल, तर तो कागद मिळवून ठेवावा.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की दिवाळखोरी हे धमकीचे हत्यार नाही. वसुलीचा दबाव आणण्यासाठी किंवा अन्य दुष्ट हेतूने अर्ज केल्याचे सिद्ध झाल्यास कलम 65 खाली 1 लाख ते 1 कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम उलट्या दिशेनेही चालते. प्रवर्तकच आपल्या मर्जीतल्या धनकोला पुढे करून मोरेटोरियमच्या, म्हणजे कंपनीविरुद्धच्या कारवायांना मिळणाऱ्या स्थगितीच्या, आडोशाला जाऊ पाहत असेल, तर त्याचाही आधार घेऊन हरकत घेता येते.

दाव्याचा अर्ज

प्रक्रिया सुरू झाली की एनसीएलटीने कंपनीचा कारभार पाहण्यासाठी नेमलेला अंतरिम दिवाळखोरी व्यावसायिक आपल्या नेमणुकीपासून 3 दिवसांच्या आत जाहीर सूचना काढतो. ती एका इंग्रजी आणि एका प्रादेशिक भाषेतील वर्तमानपत्रात छापली जाते, म्हणजे महाराष्ट्रात बहुधा मराठी दैनिकात, आणि नादारी व दिवाळखोरी मंडळाच्या, म्हणजे आयबीबीआयच्या, संकेतस्थळावरही चढवली जाते. वर्तमानपत्रावर विसंबून राहू नये. मंडळाच्या संकेतस्थळावर कंपनीचे नाव टाकून शोधावे, कारण गैरव्यवहाराच्या प्रकरणांत कंपनीचे लोकप्रिय नाव एक, प्रकल्पाचे नाव दुसरे आणि ज्या कंपनीने पावती दिली तिचे नोंदणीकृत नाव तिसरेच असते. दावा पावतीवरच्या कंपनीविरुद्ध करायचा असतो. एकाच समूहातल्या तीन कंपन्यांपैकी एकच दिवाळखोरीत गेली असेल, तर उरलेल्या दोघींवरचे येणे या दाव्यात मिसळू नये.

ठेवीदार आणि सदनिका खरेदीदार यांनी फॉर्म सीए भरावा, बँका व इतर वित्तीय धनकोंनी फॉर्म सी, पुरवठादार व सेवा देणाऱ्यांनी फॉर्म बी आणि कामगार-कर्मचाऱ्यांनी फॉर्म डी. यांपैकी कशातच न बसणाऱ्यासाठी फॉर्म एफ आहे. महारेराकडून वसुली प्रमाणपत्र मिळालेल्या खरेदीदारांना पूर्वी वेगळ्या, खालच्या वर्गात टाकले जाई. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा भेद अमान्य केला आणि प्रमाणपत्र मिळाले म्हणून खरेदीदार वित्तीय धनको राहत नाही असे नाही, असे ठरवले. त्यामुळे प्रमाणपत्र जोडावे, पण फॉर्म सीएच भरावा.

अर्जातील रक्कम दिवाळखोरी प्रक्रिया सुरू झाल्याच्या तारखेपर्यंतच मोजायची असते. ही तारीख जाहीर सूचनेत छापलेली असते आणि त्यानंतरचे व्याज धरले जात नाही. मुद्दल, त्या तारखेपर्यंतचे व्याज आणि त्यातून आधी मिळालेल्या रकमा, असा साधा तक्ता स्वतंत्र पानावर करून जोडावा, कारण पडताळणी करणाऱ्याला आपला हिशेब दोन मिनिटांत कळला तर शंका कमी निघतात. सदनिका खरेदीदाराच्या करारात व्याजदर ठरलेला नसेल, तर धनकोंच्या समितीतला, म्हणजे कंपनीच्या भवितव्यावर मत देणाऱ्या घेणेकऱ्यांच्या मंडळातला, मतदानाचा हिस्सा ठरवताना दरसाल 8 टक्के व्याज धरण्याची तरतूद नियमांतच आहे. मानसिक त्रासाची भरपाई, प्रवासखर्च, वकिलाची फी असे आकडे कोणत्याही आदेशाविना घुसडले तर ते नाकारले जातात आणि विनाकारण पत्रव्यवहार वाढतो.

जोडण्याच्या कागदांत ठेवीची पावती किंवा नोंदणीकृत करारनामा, पैसे ज्या खात्यातून गेले त्या खात्याचा उतारा, ओळखपत्र आणि बँक तपशिलासाठी रद्द केलेला धनादेश इतके तरी असावेत. पैसे रोखीने दिले आणि पावती नाही, ही गैरव्यवहाराच्या प्रकरणांतली नेहमीची अडचण असते. अशा वेळी जितकी रक्कम कागदावर दिसते तितकीच दाव्यात लिहावी आणि उरलेल्या रकमेचा विषय तक्रारीच्या फाईलमध्ये न्यावा. ठेवीदार वारला असेल, तर नामनिर्देशित व्यक्तीने किंवा वारसाने मृत्यूच्या दाखल्यासह दावा करावा. इ-मेलचा रकाना सर्वांत जपून भरावा. पुढच्या सर्व सूचना आणि मतदानाचा दुवा त्याच पत्त्यावर येतात, आणि वृद्ध ठेवीदारांच्या अर्जावर एजंटचा किंवा सायबर कॅफेचा पत्ता पडला की पुढचे दोन-तीन वर्षांचे सगळे निरोप तिसऱ्याच माणसाकडे जातात.

दाव्यासाठी व्यावसायिकाच्या नेमणुकीपासून 14 दिवसांची मुदत असते. ती चुकली तर निराकरण योजना, म्हणजे कंपनी घेऊ इच्छिणाऱ्यांचे देणी फेडण्याचे प्रस्ताव, मागवण्याची तारीख किंवा प्रक्रिया सुरू झाल्यापासूनचा 90 वा दिवस, यांपैकी जी तारीख नंतर येईल तोपर्यंत, उशिराचे कारण देऊन दावा करता येतो. त्याहून उशीर झाला तर प्रकरण न्यायाधिकरणाच्या मर्जीवर जाते. यात हयगय करू नये, कारण मंजूर योजनेत ज्याचा समावेश नाही तो दावा संपुष्टात येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 13 एप्रिल 2021 च्या घनश्याम मिश्रा निकालात ठरवले आहे. प्रवर्तकावर फसवणुकीचा खटला चालू आहे, हे कारण कंपनीविरुद्धचा बुडालेला दावा जिवंत करीत नाही. संहितेत मोठे बदल सुचवणारे विधेयकही ऑगस्ट 2025 मध्ये लोकसभेत मांडले गेले होते. त्यामुळे मुदती आणि फॉर्म अर्जाच्या दिवशी लागू असलेल्या मजकुराशी एकदा ताडून पाहावेत.

मोरेटोरियममध्ये काय थांबते

एनसीएलटीने अर्ज दाखल करून घेतला की कलम 14 खालचे मोरेटोरियम लागू होते. कंपनीविरुद्धचे दिवाणी दावे, वसुली, बँकेची जप्ती आणि ग्राहक आयोगाच्या आदेशाची अंमलबजावणीही तिथेच थांबते. धनादेश न वटल्याचा खटला कंपनीपुरता थांबतो, परंतु सही करणाऱ्या संचालकांविरुद्ध तो चालू राहतो. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2021 मध्ये हे ठरवले आणि योजना मंजूर झाली तरी सही करणारा सुटत नाही, हे 2023 मध्ये पुन्हा सांगितले. म्हणून ज्याच्या हाती असा खटला आहे त्याने तो काढून घेऊ नये. फक्त आरोपींच्या यादीतील कंपनीपुरती स्थगिती मान्य करून संचालकांविरुद्ध पुढची तारीख मागावी.

पोलीस तपासाला मोरेटोरियम अडवत नाही. महाराष्ट्रातील ठेवीदारांच्या हाती याशिवाय 1999 चा ठेवीदार हितसंरक्षण कायदा, म्हणजे एमपीआयडी, आहे. त्याखाली ठेवी परत न करणाऱ्या वित्तीय आस्थापनेची आणि प्रवर्तकांचीही मालमत्ता सरकार अधिसूचना काढून जप्त करू शकते. नॅशनल स्पॉट एक्स्चेंज या वस्तुबाजाराच्या 2013 च्या सुमारे 5,600 कोटी रुपयांच्या प्रकरणात हा कायदा लागू होतो का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि एप्रिल 2022 मध्ये तो लागू होतो असा निकाल लागला. मे 2025 मध्ये त्याच प्रकरणात न्यायालयाने असेही ठरवले की एमपीआयडीखाली जप्त झालेल्या मालमत्तेवर तारणधारक बँकांना अग्रहक्क सांगता येणार नाही. ठेवीदाराच्या दृष्टीने याचा अर्थ मोठा आहे, कारण दिवाळखोरीच्या वाटपात बिगरतारण ठेवीदार बँकांच्या मागे उभा असतो. तेव्हा आर्थिक गुन्हे शाखेकडे तक्रार देताना भारतीय दंडविधान किंवा न्याय संहितेच्या कलमांबरोबर एमपीआयडीच्या कलम 3 चा उल्लेख आवर्जून करावा.

ईडीने टाच आणलेल्या मालमत्तेबाबत मात्र सावधपणे आशा धरावी. विशेष न्यायालय आर्थिक गैरव्यवहार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 8(8) खाली खऱ्या दावेदारांना मालमत्ता परत देऊ शकते, पण त्याला वर्षे लागतात.

गैरव्यवहाराची माहिती व्यावसायिकापर्यंत कशी न्यावी

दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गैरव्यवहाराला एकच खरी जागा आहे, ती म्हणजे रद्दपात्र व्यवहारांविरुद्धचा अर्ज, ज्याला या वर्तुळात 'अव्हॉयडन्स ॲप्लिकेशन' म्हणतात. कंपनी बुडण्यापूर्वी एखाद्या मर्जीतल्या धनकोला इतरांच्या आधी पैसे देणे हा कलम 43 चा विषय आहे, मालमत्ता कवडीमोलाने देऊन टाकणे हा कलम 45 चा आणि धनकोंना फसवण्यासाठी धंदा चालवणे हा कलम 66 चा. पहिल्या दोन्हींसाठी, व्यवहार संबंधित व्यक्तीशी झाला असेल तर प्रक्रिया सुरू होण्यापूर्वीची 2 वर्षे आणि परक्याशी झाला असेल तर 1 वर्ष, एवढाच काळ तपासला जातो. कलम 66 ला अशी कालमर्यादा नाही. धनकोंना फसवण्याच्या हेतूनेच स्वस्तात केलेल्या व्यवहारांविषयीच्या कलम 49 लाही नाही.

समजा, पनवेलजवळचा एक भूखंड कंपनीने संचालकाच्या भावाच्या फर्मला रेडी रेकनरच्या निम्म्या किमतीत विकला. ही विक्री दिवाळखोरी प्रक्रिया सुरू होण्याच्या 14 महिने आधीची असेल, तर भाऊ संबंधित व्यक्ती असल्यामुळे कलम 45 थेट लागू होते आणि फसवण्याचा हेतू वेगळा सिद्ध करावा लागत नाही. तीच विक्री 26 महिने आधीची असेल, तर कलम 45 ची मुदत संपलेली असते आणि कलम 49 किंवा 66 खाली हेतू सिद्ध करावा लागतो. हे काम कितीतरी अवघड आहे. म्हणून आपल्या हाती आलेल्या प्रत्येक व्यवहारासमोर पहिल्यांदा तारीख लिहावी आणि ती प्रक्रिया सुरू झाल्याच्या तारखेपासून मागे मोजावी.

असे व्यवहार शोधायला खासगी गुप्तहेर लागत नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर कंपनीच्या मालमत्तेवरील बोजांची नोंद असते, वार्षिक अहवालाच्या टिपांत संबंधित पक्षांशी झालेले व्यवहार छापलेले असतात, नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक 2 मध्ये विक्रीची किंमत आणि खरेदीदार दिसतो, सातबारा आणि फेरफारावर मालकीचा क्रम दिसतो, तर महारेराच्या प्रकल्प-पानावर बिल्डरने स्वतः जाहीर केलेला बोजा सापडतो. वार्षिक अहवालातली संबंधित पक्षांची टीप लोक सहसा ओलांडून पुढे जातात, आणि मला विचाराल तर सगळ्यात जास्त मजकूर तिथेच असतो: संचालकाच्या कंपनीला दिलेले बिनव्याजी अग्रिम, न उलगडणारे 'इतर येणे', वर्षअखेरीला आलेली आणि एप्रिलमध्ये परत गेलेली रक्कम.

हे सर्व व्यावसायिकाला पत्राने कळवावे. पत्रात 'लूट', 'महाघोटाळा' असे शब्द नकोत. प्रत्येक व्यवहाराला क्रमांक देऊन तारीख, रक्कम, कोणाकडून कोणाकडे, आणि हे कोणत्या कागदावरून कळले, एवढेच लिहावे व कागद जोडावा. व्यावसायिकाने प्रक्रियेच्या 75 व्या दिवसापर्यंत अशा व्यवहारांविषयी मत बनवावे, 115 व्या दिवसापर्यंत निष्कर्ष काढावा आणि 130 व्या दिवसापर्यंत एनसीएलटीत अर्ज करावा, असे नियमांत म्हटले आहे. त्यामुळे पत्र पहिल्या 2 महिन्यांतच गेलेले बरे, म्हणजे ते फॉरेन्सिक ऑडिटरच्या, म्हणजे हिशेबातील गैरव्यवहार शोधणाऱ्या लेखापरीक्षकाच्या, टेबलावर वेळेत पोहोचते. व्यावसायिकाने कवडीमोल विक्रीचा व्यवहार कळवलाच नाही, तर कलम 47 खाली घेणेकरी स्वतः न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो. कलम 66 चा अर्ज मात्र व्यावसायिक किंवा कंपनी मोडीत काढण्यासाठी नेमलेला परिसमापकच करू शकतो. कागद पोहोचूनही तो हलत नसेल, तर धनकोंच्या समितीच्या बैठकीत आपल्या वर्गाच्या प्रतिनिधीमार्फत प्रश्न नोंदवून घ्यावा आणि मग आयबीबीआयकडे लेखी तक्रार करावी.

हा मार्ग कागदोपत्रीच राहतो असेही नाही. जेपी इन्फ्राटेकने आपली 758 एकर जमीन जयप्रकाश असोसिएट्स या आपल्या मूळ कंपनीच्या कर्जांसाठी बँकांकडे गहाण टाकली होती. फेब्रुवारी 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे गहाण व्यवहार कलम 43 मध्ये बसवून रद्द ठरवले, आणि मूळ कंपनीला कर्ज देणाऱ्या बँका जेपी इन्फ्राटेकच्या वित्तीय धनको नाहीत असेही सांगितले. हजारो घर खरेदीदारांच्या दृष्टीने ती जमीन कंपनीत परत येणे ही कोणत्याही घोषणेपेक्षा मोठी गोष्ट होती.

प्रवर्तक आणि जुने अधिकारी कागद देत नसतील, तर व्यावसायिकाला कलम 19(2) खाली न्यायाधिकरणाकडून आदेश मिळवता येतो. कंपनीचा माजी लेखापाल किंवा विक्री कार्यालयातला माणूस ओळखीचा असेल, तर हिशेबाचा सर्व्हर कुठे आहे, टॅलीचा बॅकअप कोणाकडे आहे, अशी साधी माहितीही पत्रात द्यावी. ती आरोपांच्या दहा पानांहून उपयोगी पडते.

योजनेवर मत देण्यापूर्वी कोणते कलम वाचावे

ठेवीदार आणि खरेदीदार यांचा वर्ग धनकोंच्या समितीत अधिकृत प्रतिनिधीमार्फत बसतो, आणि त्याच्या निवडीसाठी फॉर्म सीएमध्ये तीन नावांपैकी एकावर खूण करायची असते. वर्गात ज्यांनी मतदान केले त्यांच्या निम्म्याहून अधिक हिश्श्याचा जो कौल, तोच प्रतिनिधी संपूर्ण वर्गाच्या नावाने देतो. त्यामुळे एकट्याने विरोधी मत देऊन आपल्यापुरते वेगळे काही मिळत नाही. समितीत योजना मंजूर व्हायला 66 टक्के मते लागतात आणि ती बहुधा बँकांच्या हाती असतात.

योजनेच्या सारांशात सर्वांची नजर 'आपल्याला किती टक्के' या ओळीवर जाते. गैरव्यवहाराच्या प्रकरणात तितकेच महत्त्वाचे असते ते रद्दपात्र व्यवहारांतून पुढे मिळणारा पैसा कोणाचा, हे सांगणारे कलम. डीएचएफएलमध्ये सुमारे 87,000 कोटी रुपयांचे दावे होते आणि पिरामल समूहाची सुमारे 34,250 कोटींची योजना जून 2021 मध्ये एनसीएलटीने मंजूर केली. मोठ्या ठेवीदारांच्या हाती दाव्याच्या सुमारे 23 टक्के आले. प्रशासकाने तपास करून एकूण 45,000 कोटींच्या घरातील व्यवहारांविरुद्ध अर्ज केले होते, पण कलम 66 खाली जी वसुली होईल तिची किंमत योजनेत 1 रुपया धरली होती आणि ती पिरामलला मिळणार होती. जानेवारी 2022 मध्ये अपिली न्यायाधिकरणाने हे कलम फेरविचारासाठी समितीकडे परत पाठवले. 1 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द करून धनकोंच्या समितीचा व्यावसायिक निर्णय कायम ठेवला. योगायोग असा की या 1 रुपयाविरुद्ध लढणारी 63 मून्स ही कर्जरोखेधारक कंपनी वर उल्लेखलेल्या स्पॉट एक्स्चेंजची मूळ कंपनी होती. म्हणजे एका प्रकरणात तिच्याविरुद्ध ठेवीदार लढत होते आणि दुसऱ्यात ती स्वतः घेणेकऱ्यांच्या बाजूने उभी होती.

या निकालानंतर हे कलम न्यायालयात बदलून मिळेल अशी आशा धरण्यात अर्थ नाही, जे काही व्हायचे ते मतदानापूर्वी समितीतच. जून 2022 पासून प्रत्येक योजनेत या अर्जांचे पुढे काय होईल आणि वसुली कशी वाटली जाईल, हे लिहिणे बंधनकारक आहे. म्हणून प्रतिनिधीला मतदानाआधी लेखी विचारावे: असे किती अर्ज प्रलंबित आहेत, त्यांची एकूण रक्कम किती, ते पुढे कोण चालवणार, खर्च कोणाचा, आणि मिळालेला पैसा कोणत्या प्रमाणात कोणाला. मतदानाची खिडकी कधीकधी फक्त 24 तास उघडी असते, तेव्हा हे प्रश्न योजनेचा मसुदा येण्याची वाट न पाहता आधीच पाठवून ठेवावेत.

त्याच वेळी धनकोंची यादी मागवून वाचावी. दावा केलेल्याला ती पाहण्याचा हक्क आहे. प्रवर्तकाशी संबंधित पक्षाला समितीत मत नसते, आणि कर्ज दुसऱ्या कंपनीच्या नावे फिरवून हा नियम चुकवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये ठरवले आहे. यादीत अचानक उगवलेल्या एखाद्या अनोळखी कंपनीचा पत्ता आणि संचालक पोर्टलवर पाहिले, की कित्येकदा प्रवर्तकाच्या कार्यालयाचाच पत्ता निघतो. कलम 29अ प्रमाणे हेतुपुरस्सर थकबाकीदार किंवा रद्दपात्र व्यवहारांत दोषी ठरलेला प्रवर्तक स्वतःच्या कंपनीसाठी बोली लावू शकत नाही. तो नातेवाइकाच्या नावाने आला, तरी ही अपात्रता लागू होते.

योजना मंजूर झाल्यावर

नवा मालक जुन्याशी संबंधित नसेल, तर कलम 32अ प्रमाणे कंपनी आणि तिची मालमत्ता पूर्वीच्या गुन्ह्यांच्या कारवाईतून मुक्त होते, आणि ईडीलाही ती मालमत्ता सोडावी लागते. संचालक आणि गुन्ह्यात सामील असलेल्या व्यक्ती मात्र सुटत नाहीत. तेव्हा योजना मंजूर झाली म्हणून तक्रारीची फाईल बंद करू नये. आर्थिक गुन्हे शाखेला लेखी कळवावे की दाव्यातून इतकी रक्कम मिळाली, इतकी बाकी आहे. शिल्लक रकमेचा हिशेब तपासाच्या कागदांत नसेल, तर पुढे एमपीआयडीच्या वाटपात अडचण येते.

प्रवर्तकाने वैयक्तिक जामीन दिला असेल, तर बँकेला त्याच्याविरुद्ध कलम 95 खाली स्वतंत्र अर्ज करता येतो, कारण कंपनीची योजना मंजूर झाली तरी जामीनदार मोकळा होत नाही, हे मे 2021 च्या ललितकुमार जैन निकालाने पक्के झाले आहे. काही प्रवर्तक उलट स्वतःच कलम 94 खाली अर्ज करून अंतरिम मोरेटोरियम मिळवतात आणि ग्राहक आयोगात किंवा धनादेशाच्या खटल्यात ते दाखवतात. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये ग्राहक आयोगाने लावलेल्या दंडाबाबत आणि एप्रिल 2025 मध्ये धनादेश न वटल्याच्या, म्हणजे कलम 138 च्या, खटल्यांबाबत हा बचाव नाकारला आहे. आपल्या वकिलाने त्या दोन निकालांच्या प्रती पुढच्या तारखेला सोबत ठेवाव्यात.

योजना आलीच नाही आणि कंपनी परिसमापनात गेली, तर परिसमापक नव्याने दावे मागवतो. परिसमापन सुरू झाल्यापासून 30 दिवसांत दावा अद्ययावत करून द्यावा. वाटप कलम 53 च्या क्रमाने होते: आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांचे 24 महिन्यांचे वेतन आणि तारणधारक बँका एकाच पायरीवर, नंतर कर्मचारी, आणि त्यानंतर बिगरतारण ठेवीदार. भविष्य निर्वाह निधी आणि उपदानाचे पैसे कंपनीच्या वाटपयोग्य मालमत्तेत धरले जात नाहीत, म्हणून कामगारांनी ते आपल्या दाव्यात वेगळे दाखवावेत.

एनसीएलटीच्या आदेशाविरुद्ध अपिली न्यायाधिकरणाकडे 30 दिवसांत जाता येते आणि सबळ कारण असेल तर आणखी 15 दिवस मिळू शकतात, त्यापुढे एक दिवसही नाही. ही मुदत आदेश न्यायालयात जाहीर झाल्याच्या दिवसापासून मोजली जाते, प्रत हातात पडल्याच्या दिवसापासून नव्हे. त्यामुळे ज्या दिवशी आदेश वाचला जाईल, त्याच दिवशी प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करून त्याची पोच घ्यावी.